पूलमधले पाणकिडे असे गेले

अलिबागच्या घरामागच्या आमच्या छोट्या स्विमिंग पूलमध्ये पाणकिडे झाले होते. त्यातले पाठीवर उलटे पोहणारे तर कडकडून चावतात. जाळीने रोज काढले तरी पुन्हा हजर! मूळ होतं शेवाळात. छोटे पाणकिडे शेवाळ खातात आणि उलटे पोहणारे त्या छोट्यांना. म्हणून भिंती, पायऱ्यांचे कोपरे ब्रशने घासले, संध्याकाळी क्लोरीनचा जादा डोस दिला, फिल्टर रात्रभर चालू ठेवला. खाणं संपलं, किडे गेले.

आता क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) आणि पीएच (पाणी किती आम्लारी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६ राखतो. काठावरचे पांढरे दिवे बदलून पिवळसर लावले. उडते किडेही बरेच कमी झाले. आणि हो, पूलवरच्या ताडपत्रीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाका, डासांना तेवढंही पुरतं.