इंदूरमध्ये घरचा गोडा मसाला विकायचा असेल तर

आमच्या लोकमान्य नगरात ‘तुमचा मसाला विका की!’ म्हणणारे पुष्कळ. फुकट पुडी मागणारेही तेच. म्हणून पहिली पुडी पैसे घेऊनच द्या, नणंद असली तरी.

कागदपत्रं आधी उरका. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी ‘फॉसकॉस’ पोर्टलवर होते. छोट्या घरगुती धंद्याला मोठा परवाना लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर, अगदी फुकट. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटला चहासुद्धा पाजू नका.

माल सियागंजातून, इथल्या घाऊक बाजारातून घ्या. दगडफूल हातावर चोळून पाहा: वास आला पाहिजे, माती नाही. सगळा जीव खोबऱ्यात असतो. ते वेगळं, मंद आचेवर भाजायचं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला न्यायचं नाही. गरम खोबरं तेल सोडतं आणि मसाल्याचे गोळे होतात. गिरणीत सकाळी पहिला नंबर लावा. आधी कुणी लाल मिरची दळली असेल, तर तुमचा गोडा मसाला तिखट झालाच म्हणून समजा. आणि घाणा लहान काढा. खोबरं खवट व्हायला वेळ लागत नाही.

पाकिटावर घटक, वजन, तारीख, किंमत, हिरवा ठिपका आणि एफएसएसएआय नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हवा.

भाव ठरवताना गॅस, दळणावळ, पाकीट धराच, पण स्वतःची मजुरीही धरा. आपल्या बायका नेमकी तीच विसरतात. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. मी मात्र आधी दिवाळीच्या ऑर्डरींचा अंदाज घ्या म्हणेन, मग बँकेत जा.