टॅक्स ऑफिसमधली क्लायंटची माहिती: सुरुवात पासवर्डच्या एक्सेलपासून

सदाशिव पेठेतलं दोन खोल्यांचं ऑफिस असो की बाणेरची मोठी फर्म, क्लायंटचे पासवर्ड बहुतेक वेळा एका एक्सेल शीटमध्येच असतात. पॅन, जन्मतारीख, आयकर पोर्टलचा पासवर्ड, मोबाइल, सगळं एका ओळीत. ती शीट बाहेर गेली की बाकी बंदोबस्त कितीही चोख असला तरी उपयोग नाही. म्हणून आधी तिचाच निकाल लावा.

बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर घ्या. प्रत्येक क्लायंटला वेगळा पासवर्ड द्या. पॅन किंवा आडनावापुढे 123 हा साचा बंद करा; एक कळला की सगळे कळतात. आर्टिकलला (ऑफिसात शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्याला) त्याच्याकडच्या क्लायंटपुरतंच लॉगिन द्या. तो सोडून गेला की त्याच दिवशी लॉगिन बंद करा आणि त्याने पाहिलेले पासवर्डही बदला. हे दुसरं काम हमखास राहून जातं. मग जुनी एक्सेल पुसा: मेलच्या सेंटमधून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, पेन ड्राइव्हवरूनसुद्धा. ब्राउझरमध्ये सेव्ह झालेले पासवर्डही काढा.

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर प्रायमरी मोबाइल आणि मेल क्लायंटचाच ठेवा. ऑफिसचा हवा तर सेकंडरीत. ओटीपीसाठी फोन करावा लागतो, जुलैत त्याचा वैतागही येतो, पण क्लायंटच्या नकळत काही घडत नाही. शिवाय पोर्टलवरची ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ ही जादा सुरक्षेची सोय चालू केली की नुसत्या पासवर्डवर लॉगिन होत नाही. आधार ओटीपी, नेट बँकिंग किंवा डीएससी (डिजिटल सही) लागतं.

एआयएसच्या (आयकर खात्याकडे असलेल्या क्लायंटच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या विवरणाच्या) पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. दोन्ही पॅन कार्डावर छापलेलं असतं. कार्डाचा फोटो आणि एआयएस एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणं.

डीएससी ज्यात असते त्या यूएसबी टोकनला पिनची चिठ्ठी रबरबँडने बांधलेली दिसते. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम 42 नुसार खासगी कीवर, म्हणजे सही करणाऱ्या गुप्त डिजिटल किल्लीवर, ताबा ठेवण्याची जबाबदारी सहीच्या धन्याची आहे. काम झालं की टोकन परत द्या.

बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरा, एक ऑफिसबाहेर ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरमध्ये (फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमध्ये) कॉम्प्युटरबरोबरच लॉक होते. महिन्यातून एकदा एखाद्या क्लायंटचा टॅलीतला (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला) डेटा त्यातून उघडून पाहा. फॉर्म 16 च्या प्रती रद्दीत देऊ नका, श्रेडरमध्ये घाला.

काही बिघडलंच तर आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) घटना समजल्यापासून 6 तासांत कळवायचं असतं. 2022 चा हा आदेश छोट्या प्रोप्रायटरी फर्मलाही लागू आहे. क्लायंटलाही त्याच दिवशी स्वतः फोन करा, म्हणजे तो आपला बँक खात्याचा आणि मेलचा पासवर्ड वेळेत बदलेल.