नाशिकच्या थंडीत फॅन पाम : या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. त्याच रात्री बंगल्यासमोरचा गोल पानांचा लिकुआला, म्हणजे पंख्यासारख्या पानांचा एक फॅन पाम, उघड्यावर उभा असतो. त्याचं नुकसान लगेच दिसत नाही, काही वेळा आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर थंडीची लाट विसरलेली असते. पानं करपली म्हणून खत पडतं, पाणी वाढतं, कात्री चालते. झाड हातचं जातं ते बहुधा इथे.

सगळे फॅन पाम सारखे समजणं

नर्सरीत 'फॅन पाम' म्हणून चार-पाच वेगळी झाडं एकाच रांगेत असतात. लिकुआला ग्रँडिस मूळचा वानुआटू आणि सॉलोमन बेटांकडचा, दमट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. थंडी, कोरडा वारा आणि दुपारचं ऊन या तिन्हींचं त्याला वावडं. गोल पानांचा लिव्हिस्टोनाही तसाच नाजूक. उलट मादागास्करचा बिस्मार्क मुळं धरली की निफाडची थंडी सोसतो, त्यातही चंदेरी पानांचा हिरव्यापेक्षा काटक. चायनीज फॅन पाम आणि वॉशिंग्टोनिया थोडा वेळ शून्याखालीही तग धरतात. ओझर-निफाड पट्ट्यात उघडा प्लॉट असेल तर लिकुआला घेऊच नका, चायनीज फॅन पाम लावा.

आपल्याकडे येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतली. गोदावरी तीच, पण तिथली हवा दमट आणि उबदार. असं रोप नोव्हेंबरात आणून थेट जमिनीत लावणं म्हणजे त्याला मुळं धरायला वेळच न देणं, कारण थंड मातीत पामची मुळं जवळजवळ वाढत नाहीत. जून-जुलैत लावा. उशीर झालाच तर फेब्रुवारी संपेपर्यंत कुंडीतच ठेवा.

काळ्या मातीत खोल खड्डा

भारी काळ्या जमिनीत तीन फुटी खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की पावसाळ्यात त्याचा हौद होतो. पाणी मुरत नाही, मुळं कुजू लागतात आणि अशी मुळं घेऊन झाड थंडीला सामोरं जातं. त्याऐवजी फूटभर उंच, चार फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा : दोन भाग माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. बुंधा पिशवीत होता त्याच पातळीवर ठेवा. बिस्मार्कचा मुळांचा गोळा अजिबात फुटू देऊ नका. त्याला जागा बदललेली सहन होत नाही.

नदीकाठची खोलगट जागा टाळा, थंड हवा तिथेच साचते. लिकुआलाला आंब्याखाली, पश्चिमेच्या भिंतीजवळ लावा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते आणि वरच्या फांद्यांमुळे जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जात नाही.

झाकायचं कसं

प्लॅस्टिकचा कागद पानाला टेकला की तिथेच पान करपतं. क्रॉप कव्हर (पिकांवर घालायचं पातळ, हवा खेळणारं कापड) किंवा गोणपाट वापरा. चार काठ्या रोवून, पानांपासून वीतभर दूर, जमिनीपर्यंत सोडा आणि सकाळी काढा. नुसती शेडनेट फारशी कामाची नाही. थंडीच्या आदल्या दुपारी बुंध्याशी पाणी द्या, ओली माती ऊब धरून ठेवते. शेंड्यात मात्र पाणी पडू देऊ नका. पहाटे पाइपने झाड धुणं ही द्राक्षबागेवरून उचललेली, पामसाठी घातक सवय.

करपलं कशाने, ते आधी बघा

वरच्या, उघड्या बाजूच्या पानांवरच तपकिरी-पांढुरके चट्टे असतील तर थंडी. जुन्या पानांची टोकं सरसकट जळालेली आणि मातीवर पांढरा थर असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार : महिन्यातून एकदा भरपूर पाणी देऊन ते खाली धुऊन काढा. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके ही पालाशची (पोटॅशची) कमतरता, तिथे खालची पानं कापू नका, झाड त्यातूनच पालाश ओढून घेतं. नवीन पान आखूड, चुरगळलेलं निघालं तर मँगनीज कमी. चुनखडीयुक्त मातीत हे नेहमीचं, थंडीत जास्तच. जमिनीत टाकलेलं मँगनीज अशा मातीत अडकून पडतं, म्हणून थंडी सरल्यावर लिटरला ३ ग्रॅम मँगनीज सल्फेटची फवारणी करा. बिघडलेलं पान सुधारत नाही, गुण पुढच्या पानात दिसतो.

थंडीने अर्धं करपलेलं पानही मार्चपर्यंत राहू द्या, उरलेला हिरवा भाग झाडाला पोसतो. खतही तोवर थांबवा.

पोंगा हातात आला तर

मधला पोंगा, म्हणजे शेंड्यातलं न उघडलेलं कोवळं पान, हलकेच ओढून बघा. सहज निघाला आणि खालून कुजका वास आला तर शेंडा सडतोय. एका बुंध्याच्या अशा पामला हा एकच शेंडा, बाजूने फुटवा येत नाही. मऊ झालेला भाग काढा, आतलं पाणी फडक्याने टिपून घ्या आणि लिटरला २.५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक मिसळून पाव लिटर शेंड्यात ओता. दहा-बारा दिवसांनी आणखी एकदा. तिसऱ्यांदा नको, साचलेलं तांबंच कोंब जाळतं. वरून पाऊस किंवा दव पडणार नाही असा आडोसा करा आणि पाणी कमी ठेवा. मार्च-एप्रिलच्या उन्हात शेंडा पुन्हा हलतो. मे संपेपर्यंत नवा पोंगा दिसला नाही, तरच झाड काढा.