प्रभूचं दुसरं येणं होऊन गेलं का? या विषयावर वाद कसा घालायचा

बायबल स्टडीत हा विषय, म्हणजे येशूचं परत येणं होऊन गेलं का, निघाला की दहा मिनिटांत आवाज चढतात, मी कितीदा बघितलंय. म्हणून सगळ्यात आधी समोरच्याला विचारा, बाबा रे, नक्की काय पूर्ण झालं म्हणतोयस? कारण काहींच्या मते सगळंच इ.स. 70 मध्ये झालं, येणं, न्याय, पुनरुत्थान सगळं, आणि काहींच्या मते तेव्हा फक्त यरुशलेमचा न्याय झाला, म्हणजे शहराचा नाश झाला, प्रभूचं येणं अजून बाकी आहे. या दोघांना एकाच माळेत ओवलं की पुढचा सगळा वाद फुकट.

मग मत्तय 24 उघडा आणि एक बोट लूक 21 मध्ये ठेवा. मत्तय जिथे ओसाडी करणाऱ्या अमंगळ पदार्थाबद्दल, म्हणजे पवित्र जागा विटाळणाऱ्या गोष्टीबद्दल, सांगतो तिथेच लूक 21:20-21 सरळ म्हणतो की यरुशलेमला सैन्यांनी वेढलेलं बघाल तेव्हा पळा. आणि तसंच झालं ना, रोमी सेनापती तीत याच्या सैन्याने वेढा घातला, मंदिर जळालं, रोममधल्या तीताच्या कमानीवर मंदिरातली सात फाट्यांची समई लुटून नेताना कोरलेली आजही दिसते. एवढं तरी पूर्ण झालं हे मान्य करायला कुणाला जड जाऊ नये.

खरी गाठ मत्तय 24:34 ला, हे सगळं होईपर्यंत "ही पिढी" नाहीशी होणार नाही असं येशू तिथे म्हणतो. काही जण पिढी म्हणजे अख्खा यहुदी वंश असं सांगून सुटका करून घेतात, मला ते पटत नाही, कारण मत्तय 11:16 आणि 23:36 मध्ये येशू हाच शब्द समोरच्या लोकांसाठी वापरतो. मत्तय 24:29 मधल्यासारखा सूर्य अंधारला नाही मग कसलं पूर्ण झालं, असंही लगेच म्हणू नका, यशया 13 मध्ये बाबेलच्या पतनाबद्दल हीच भाषा आहे, आधी ते वाचून दाखवा.

पण सगळं झालं म्हणणाऱ्यालाही सोडायचं नाही. त्याला प्रेषितांची कृत्ये 1:11 काढायला लावा, जसा जाताना पाहिला तसाच येईल, हे 70 साली कुणी पाहिलं? आणि पुनरुत्थान होऊन गेलंय असं शिकवणारे सत्यापासून ढळलेत असं पौल 2 तीमथ्य 2:18 मध्ये लिहितो, त्याचं काय? माझं मत इथेच ठरलं, यरुशलेमचं झालं, प्रभू अजून यायचाय.

प्रभूच्या येण्याच्या तारखा सांगणारा भेटला तर मत्तय 24:36 पुरे, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाच्या मागे हजारो लोक त्या दिवशी प्रभू येणार म्हणून 22 ऑक्टोबर 1844 ची वाट बघत बसले, काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ढसाढसा रडले.

आणि हो, ज्या घरात नुकतंच कुणी प्रभूमध्ये झोपी गेलंय, म्हणजे वारलंय, तिथे हा वाद काढूच नका, तिथे 1 थेस्सलनीकाकरांस 4:13 पासून हळू आवाजात वाचा, पौलाने ते अशाच रडणाऱ्या माणसांसाठी लिहिलंय.