हात बसण्याचा हिशेब

भोसरीतील एका लहान कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात मी रुजू झाले, तेव्हा स्वतंत्रपणे माझ्याकडे आलेले पहिले काम आठ कंट्रोल पॅनेलच्या ऑर्डरसाठी मनुष्यतासांचा (एका माणसाचे एका तासाचे काम म्हणजे एक मनुष्यतास) अंदाज काढण्याचे होते. त्यांपैकी दोन पॅनेल आधीच तयार झाली होती आणि जॉब कार्डांवर, म्हणजे कामाचे तास नोंदवण्याच्या कार्डांवर, पहिल्या पॅनेलसमोर 40 तास व दुसऱ्यासमोर 34 तास अशी नोंद होती. कॉलेजात शिकलेला लर्निंग कर्व्ह (सरावाने वेळ कसा घटतो ते दाखवणारा वक्र) मला आठवला, 34 भागिले 40 म्हणजे 85 टक्के, हे उत्तरही नीटनेटके आले, आणि त्यावरून आठ पॅनेलना मिळून 196.5 तास लागतील असे मी लिहून दिले. प्रत्यक्षात 240 तास गेले. ही चूक नव्याने या कामात येणाऱ्या अनेकांच्या हातून होते, म्हणून ती नेमकी कुठे झाली हे सविस्तर सांगते.

कामगार ज्याला ‘हात बसणे’ म्हणतात, त्याचेच हे गणित आहे. टी. पी. राइट यांनी 1936 साली विमानबांधणीच्या खर्चावरील लेखात ते मांडले. तयार झालेल्या नगांची संख्या दर वेळी दुप्पट झाली की लागणारा वेळ ठरावीक टक्क्यांवर येतो, हा त्याचा गाभा आहे. वेळ प्रत्येक नगागणिक तेवढ्याच टक्क्यांनी उतरत नाही, तो दुपटीगणिक उतरतो. 85 टक्क्यांच्या वक्रावर पहिल्या नगाला 40 तास लागले, तर दुसऱ्याला 34, चौथ्याला 28.9, आठव्याला 24.6 आणि सोळाव्याला 20.9 तास लागतील. मधल्या नगांसाठी 0.85 च्या लॉगॅरिदमला 2 च्या लॉगॅरिदमने भागून घातांक काढावा (तो उणे 0.2345 येतो), नगाचा क्रमांक त्या घाताला चढवावा आणि येणाऱ्या संख्येने पहिल्या नगाचा वेळ गुणावा.

माझी गफलत पुढच्या पायरीवर झाली. राइट यांच्या मांडणीत वक्रावरचा आकडा हा पहिल्या नगापासून त्या नगापर्यंतच्या सर्व नगांची सरासरी असतो. पुढे लॉकहीड या विमान कंपनीतील जे. आर. क्रॉफर्ड यांच्या नावाने रूढ झालेल्या मांडणीत मात्र तोच आकडा केवळ त्या एका नगाचा वेळ असतो. माझ्या जॉब कार्डांवर एकेका नगाचे तास होते, त्यांवरून मी 85 टक्के काढले, आणि मग आठव्या नगाचे 24.565 तास ही जणू आठही नगांची सरासरी आहे असे धरून त्याला 8 ने गुणले. फोरमनने कागद पाहताक्षणी म्हटले, “मॅडम, आठव्या पॅनेलला हात बसतो. तुम्ही तो पहिल्यापासूनच बसवलाय.” एकेका नगाचा वेळ काढून बेरीज केली असती तर उत्तर 237.4 तास आले असते. राइट यांच्याच पद्धतीने जायचे, तर पहिल्या दोन पॅनेलची सरासरी 37 तास, म्हणजे वक्र 92.5 टक्क्यांचा, आणि त्यावरून एकूण सुमारे 253 तास येतात. दोन्ही वाटा आपापल्या जागी सरळ आहेत. एका वाटेवरचा टक्का दुसऱ्या वाटेवर नेला की जवळजवळ 41 तासांचे काम कागदावरून नाहीसे होते. म्हणून कोणीही तुमच्या हाती टक्केवारी दिली, तर ती एका नगाची की सरासरीची, हा प्रश्न आधी विचारा.

वेळ कुठून कमी होतो हे समजून घ्यायचे असेल तर वायरमनच्या शेजारी उभे राहावे. पहिल्या पॅनेलला तो दर वायरमागे ड्रॉइंगकडे वळतो, टर्मिनलचा क्रमांक वाचतो, फेरूलच्या (वायरीच्या टोकाला घालायच्या क्रमांकाच्या नळ्यांच्या) ढिगातून नेमके फेरूल शोधतो, वायर अंदाजाने लांब कापतो आणि डक्टमधून (वायरी नेण्याच्या पन्हळीतून) फिरवून आणल्यावर पुन्हा छाटतो. चौथ्या पॅनेलपर्यंत लांबीची यादी पॅनेलच्या दारावर चिकटवलेली असते, वायर आधीच कापून जुड्या बांधलेल्या असतात आणि फेरूल क्रमाने लावून ठेवलेली असतात. लग क्रिम्प करण्याचा, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवण्याचा, त्याचा वेग फारसा वाढलेला नसतो. शोधाशोध संपलेली असते. पावडर कोटिंगच्या भट्टीचा वेळ मात्र पहिल्या नगाला आणि आठव्या नगाला तोच राहतो. त्यामुळे तीन चतुर्थांश काम हाताचे असेल तर 80 टक्के, निम्मे असेल तर 85 आणि एक चतुर्थांश असेल तर 90 टक्के, असा एक ढोबळ आडाखा वापरतात. स्वतःच्या कारखान्याच्या नोंदी मिळेपर्यंत तो चालवून घ्यावा, त्यापुढे नाही. नोंदी घेतानाही माल आला नाही म्हणून वाया गेलेले तास वेगळे काढावेत, कारण ते पहिल्या नगात मिसळले तर वक्र खोटा तीव्र दिसतो.

तासांवरून माणसे काढणे हे नुसत्या भागाकाराचे काम वाटते, पण मला इथेच सर्वांत जास्त शिकावे लागले. चहा, हत्यारांची ने-आण वगैरे वजा जाता आठ तासांच्या शिफ्टमध्ये साडेसहा तास हाती लागतात असे धरले, तर 237 तासांचे साधारण साडेछत्तीस मनुष्यदिवस होतात, आणि बारा दिवसांत माल द्यायचा असेल तर तीन माणसे पुरे वाटतात. मात्र 237 हा आकडा एकच जोडी आठही पॅनेल ओळीने करते असे धरून आलेला आहे. काम लवकर उरकावे म्हणून दोन स्वतंत्र जोड्या लावल्या आणि प्रत्येकीला चार पॅनेल दिली, तर दोन्ही जोड्यांना हात बसवण्याची सुरुवात पहिल्या नगापासून करावी लागणार. चार पॅनेलचे 133.8 तास, दोन जोड्यांचे मिळून 267.6, म्हणजे 30 तास अधिक. तारीख गाठण्यासाठी कधी कधी ते करावेच लागते, पण मग ते तास कोटेशनमध्ये धरलेले हवेत. पहिल्या जोडीची यादी आणि जुड्या दुसरीला आयत्या मिळाल्या तर ही वाढ बरीच आटोक्यात राहते.

सात महिन्यांनी त्याच पॅनेलची आणखी सहा नगांची ऑर्डर आली. मालकांचे म्हणणे होते की आठ झालेलीच आहेत, तेव्हा नवव्यापासून पुढे मोजा. तसे मोजले तर 136 तास होत होते. पण मूळचे दोन वायरमन काम सोडून गेले होते आणि लांबीची यादी कोणालाच सापडत नव्हती. मी उत्तर देण्यासाठी पहिले पॅनेल होईपर्यंतची सवड मागून घेतली. त्याला 31 तास लागले, म्हणजे जवळजवळ पहिल्या ऑर्डरमधील तिसऱ्या नगाइतके. म्हणून तिसऱ्या ते आठव्या नगांची बेरीज करून मी 163 तासांचा अंदाज दिला, आणि या वेळी लांबीची यादी जॉब कार्डांच्याच फाइलला लावून ठेवली.