पेपरला डॉलर मोजायच्या आधी एवढं करून बघा

परवा भाची आलेली, बडोद्यात दांडिया बाजारात शेवउसळ खाता खाता तिने मोबाईल पुढे केला, "मामा, हा रिसर्च पेपर हवाय पण चाळीस डॉलर मागतायत." म्हटलं आधी उसळ संपव. पाच मिनिटांत तोच पेपर फुकट मिळाला, तोही चोरीच्या साइटवरून नाही, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो.

पेपरचं पूर्ण नाव अवतरणचिन्हात घालून गूगल स्कॉलरवर शोधा. रिझल्टच्या उजवीकडे पीडीएफ दिसली तर झालंच काम, नाहीतर खाली बारीक अक्षरात 'ऑल व्हर्जन्स' असतं त्यावर क्लिक करा, बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत. लेखकाच्या युनिव्हर्सिटीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तिच्या ऑनलाइन पेपरसाठ्यात, ठेवलेली कॉपी बऱ्याचदा इथेच सापडते. भाचीचाही इथेच निघाला, जर्नलने सजवलेली पानं नव्हती, वर्डमधून काढलेली साधी प्रत, आकृत्या सगळ्या शेवटी कोंबलेल्या, पण मजकूर रिव्ह्यू होऊन पास झालेला. फक्त संदर्भ देताना यातले पान नंबर देऊ नका, जर्नलचे वेगळे असतात!

रोजचंच काम असेल तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन टाकून ठेवा, फुकट कॉपी कुठे असली तर पेपरच्या पानावर हिरवं कुलूप दिसतं. फिजिक्स-मॅथ्सवाल्यांना पेपर फुकट ठेवणारी आर्काइव्ह (arXiv) ही साइट माहीतच असेल, 1991 पासून चालू आहे.

आणि शोधगंगा. आपल्या शेजारच्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या लायब्ररी-नेटवर्क केंद्राचं काम आहे, देशभरातले लाखो प्रबंध तिथे फुकट पडलेत आणि पोरं इंग्लिश पेपरसाठी रडत बसतात. प्रबंध एकेका चॅप्टरच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो, त्यात शेवटची संदर्भसूची आधी उघडा, कोणीतरी चार-पाच वर्षं खपून ती यादी बनवलेली असते. दर्जा मात्र आपला आपण तपासायचा, काही प्रबंध उत्तम असतात, काही म्हणजे नुसतं जागरण.

सरकारी कॉलेजात असाल तर लायब्ररीत 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेबद्दल विचारा. 2025 च्या जानेवारीपासून सुरू झालंय, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स आहेत त्यात. हे फुकट नाही हां, सरकार पैसे भरतं, कुलूप आहे तसंच आहे, आपल्याला फक्त किल्ली मिळालीय. ज्या राज्यात सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून गावोगाव मोफत वाचनालयं काढली तिथे बसून हे लिहिताना जरा विचित्रच वाटतं.

काहीच नाही मिळालं तर सरळ लेखकाला दोन ओळींची मेल करा. पेपर विकला गेला तर त्याला छदाम मिळत नाही, उलट कोणीतरी वाचतंय म्हणून खूशच होतो.

आता आपला पेपर छापण्याबद्दल. "एस्टीम्ड प्रोफेसर" म्हणून मेल आली, तीन दिवसांत छापू, एवढे पैसे पाठवा, की समजायचं पैसे उकळायचं दुकान आहे. ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचणाऱ्याला फुकट, म्हणून छापणाऱ्याने पैसे भरावेच लागतात असं काही नाही, डीओएजे (DOAJ) या ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या यादीवर 'विदाउट फीज' फिल्टर लावा, लेखकाकडून एक रुपया न घेणारी ढीगभर जर्नल्स निघतील. नेहमीच्या कुलूपबंद जर्नलमध्ये छापलात तरी पास झालेली साधी प्रत बहुतेक प्रकाशक रिपॉझिटरीत टाकू देतात, कोणी लगेच, कोणी वर्षभराने, कोणाचा नियम काय ते 'ओपन पॉलिसी फाइंडर'वर जर्नलचं नाव टाकून बघा, शेर्पा रोमिओ म्हणायचे तेच हे. आपल्या कॉलेजची रिपॉझिटरी नसेल तर सर्न या संशोधन संस्थेचं झेनोडो आहे, डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा ओळख नंबरसुद्धा देतं.

पण त्यासाठी ती साधी प्रत जवळ हवी ना! ॲक्सेप्ट झाल्याची मेल आली की त्याच दिवशी शेवटची वर्ड फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि स्वतःला मेलही करून ठेवा. माझ्या दोन पेपरच्या फाइली जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात गेल्या, जर्नलची पीडीएफ टाकायची परवानगी नाही, आता कोणी मागितला की एकेकाला मेलने पाठवत बसतो.