गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही? मग ऑइल लेव्हल बघताना या चुका टाळा

बॉनेट उघडलं, इंजिन ऑइलची पट्टी लगेच दिसली, पण गिअरबॉक्सची पट्टी शोधण्यात अर्धा तास गेला आणि तरी सापडली नाही, असं झालं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, बऱ्याच नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना ती पट्टी कंपनी देतच नाही. त्याऐवजी गिअरबॉक्सच्या अंगाला किंवा खालच्या पॅनला एक चेक प्लग असतो. तो उघडल्यावर तेल थेंब थेंब आलं तर लेव्हल बरोबर, धार लागली तर जास्त आणि काहीच आलं नाही तर कमी. ऐकायला एकदम सोपं वाटतं, आणि म्हणूनच लोक मॅन्युअल न बघता पाना घेऊन गाडीखाली शिरतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे इंजिन बंद ठेवून प्लग उघडणं. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये लेव्हल इंजिन चालू ठेवूनच बघायची असते, कारण इंजिन चालू असताना पंप तेल ओढून टॉर्क कन्व्हर्टर, कूलर, व्हॉल्व्ह बॉडी सगळीकडे पाठवत असतो, आणि इंजिन बंद केलं की त्यातलं बरंच तेल खाली पॅनमध्ये उतरतं. अशा वेळी प्लग काढला की भसकन धार लागते, माणसाला वाटतं अरे हे तर जास्तच भरलेलं होतं, आणि तो धार थांबेपर्यंत निवांत बघत बसतो. खरं तर चांगलं बरोबर असलेलं तेल त्याने स्वतःच्या हाताने कमी केलेलं असतं. मॅन्युअल गिअरबॉक्सचं उलट आहे, तिथे इंजिन बंदच ठेवायचं. आणि काही मोजके ऑटोमॅटिकही इंजिन बंद ठेवून बघायचे असतात, त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा वाचाच.

दुसरी गोष्ट टेंपरेचर, आणि हे लोक सर्रास सोडून देतात. तेल तापलं की फुगतं. म्हणजे लांब फिरून आल्या आल्या प्लग काढला तर फुगलेलं तेल बाहेर सांडणार, तुम्ही खूश होऊन प्लग लावणार आणि गार झाल्यावर लेव्हल कमी निघणार. एकदम गार असताना भरत बसलात तर उलटं, थेंब येईपर्यंत जास्तीचं तेल आत जातं, मग तापल्यावर लेव्हल वर चढते, फिरणारे पार्ट त्याचा फेस करतात, आणि फेसाने प्रेशर धड बनत नाही. झेडएफ या जर्मन कंपनीच्या सहा आणि आठ स्पीडवाल्या गिअरबॉक्सना साधारण 30 ते 50 डिग्री सांगितलेलं असतं, फोक्सवॅगनच्या सहा स्पीड वेट क्लच डीएसजीला (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक, क्लच तेलात बुडालेले) 35 ते 45. यात इंजिनचं टेंपरेचर धरू नका, गिअरबॉक्समधल्या तेलाचं बघा, आणि त्यासाठी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र, सगळ्यात बरा. पॅनवर इन्फ्रारेड गन मारून अंदाज येतो पण तो अंदाजच. माझी पद्धत अशी, गाडी रात्रभर गार होऊ द्यायची, सकाळी सगळी तयारी करून मगच स्टार्ट मारायचा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये दोन-चार सेकंद थांबत पी पासून डी पर्यंत जाऊन परत यायचं, आणि मग स्कॅनरवरचा तेलाचा आकडा सांगितलेल्या टेंपरेचरपर्यंत चढत येईपर्यंत थांबायचं.

आता मी स्वतः केलेला मूर्खपणा सांगतो. पहिल्यांदा तेल बदललं तेव्हा उत्साहात आधी ड्रेन प्लग काढला, सगळं तेल ट्रेमध्ये, आणि मग कळलं की वरचा फिल प्लग गंजून असा बसलाय की ॲलन की फिरते पण प्लग हलत नाही, खाचेच्या कडा पण गोल झाल्या. गाडी दोन दिवस स्टँडवर तशीच. तेव्हापासून आधी भरायचा प्लग उघडतो का बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा.

खालच्या प्लगचीही एक गंमत आहे. काही गिअरबॉक्समध्ये ड्रेनच्या भोकातच आत एक उभी नळी असते, तिची उंची म्हणजेच लेव्हल. प्लग काढून नळी तशीच ठेवली तर लेव्हल कळते, नळी पण काढली तर सगळं तेल खाली. आणि बदलताना काढलेली नळी परत न बसवता भरत बसलात तर कितीही ओता, खालून वाहतच राहणार. तो प्लग नक्की गिअरबॉक्सचाच आहे ना हेही बघा, इंजिन ऑइल समजून गिअरबॉक्सचं तेल काढणारे आणि वर इंजिनमध्ये दुप्पट तेल ओतणारे महाभाग कमी नाहीत.

फक्त पुढची बाजू जॅकवर उचलून बघितलेली लेव्हल चुकीचीच, गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नका, इथे तर इंजिन चालू असतं.

लेव्हल कमी निघाली तर नुसतं टॉप अप करून मोकळं होऊ नका. हे तेल जळून संपत नाही, कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय, ॲक्सल सील, कूलरचे पाइप, पॅनचं गॅस्केट, हे आधी बघा. डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलते किंवा आरपीएम चढतो पण वेग येत नाही, ही कमी तेलाची नेहमीची लक्षणं. टॉप अप करताना लाल दिसतं म्हणून कुठलंही ओतायचं नाही, सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणारा, ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) वेगळं, डीएसजीचं वेगळं, आणि काही चांगली तेलं मुळातच हिरवी असतात. जळका वास आला किंवा तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर लेव्हलचा विषय सोडा आणि मेकॅनिक गाठा, दुधाळ म्हणजे बहुतेक कूलंट आत शिरलंय. तेल 'लाइफटाइम' आहे असं कोणी सांगितलं तर एवढंच लक्षात ठेवा की खुद्द झेडएफ 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी बदला म्हणते.

प्लग लावताना वॉशर नवा घ्या आणि जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. सगळं पुसून कोरडं करा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा, गळत असेल तर सकाळी त्याच्यावर डाग दिसेल.